लिनक्सवर माउस अडखळतोय? आधी धक्क्याची लय ओळखा

माउस अडखळायला लागला की आपण काय करतो? शोधून सापडलेली पहिली ओळ टर्मिनलमध्ये चिकटवतो, संगणक रीस्टार्ट करतो आणि बाण तसाच लंगडतोय हे बघून दुसरी ओळ शोधायला निघतो. चार-पाच ओळींनंतर मूळ दुखणं जागच्या जागी, आणि आपण कुठे काय बदलून ठेवलं तेही आठवत नाही. मी हा उद्योग मनसोक्त केलेला आहे, म्हणून सांगतो: माउस अडखळणं हा एक आजार नाही, ते ताप येण्यासारखं लक्षण आहे. ताप कशाचा ते कळेपर्यंत गोळ्या घेऊ नयेत.

हात हलल्यापासून पडद्यावरचा बाण हलेपर्यंत चार मुक्काम आहेत. माउसच्या पोटातला सेन्सर, मग वायर किंवा रेडिओ, मग यूएसबी आणि कर्नल (लिनक्सचा गाभा), आणि शेवटी डेस्कटॉपचा कंपोझिटर (सगळ्या खिडक्या आणि बाण एकत्र करून चित्र बनवणारा प्रोग्राम), ग्राफिक्स कार्ड नि मॉनिटर. गडबड यांपैकी नेमकी कुठे आहे ते कळलं की उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा निघतो.

एक खुलासा आधीच. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करायच्या.

टर्मिनल उघडण्याआधी: एक मिनिट नुसतं बघा

बाण पडद्यावर मध्यम वेगाने गोल-गोल फिरवत राहा आणि धक्का कधी बसतो ते बघा. जमलं तर मोबाइलवर स्टॉपवॉच लावा.

हात थोडा वेळ थांबला होता, पुन्हा हलवला तर पहिला क्षणभर बाण मेल्यासारखा, मग एकदम सुरळीत? हे यूएसबीच्या वीजबचतीचं लक्षण. दर १० सेकंदांनी घड्याळ लावल्यासारखी एक ठेच? तो कर्नलचा मॉनिटर शोधण्याचा प्रकार आहे, त्याचं पुढे येईलच. वेळेचा काही नेम नाही, मध्येच बाण अडतो आणि उडी मारून पुढे जातो, वर माउस वायरलेस आहे? रेडिओवर संशय घ्या. धक्का असा वेगळा नाहीच, सगळी हालचालच पायऱ्या उतरल्यासारखी खडबडीत? मग माउसला सोडा, मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे तो सेकंदाला किती चित्रं दाखवतो ते, बघा. मोठी फाइल कॉपी होताना किंवा ब्राउझरमध्ये पन्नास टॅब उघडे असतानाच त्रास होतो? मेमरी आणि डिस्क. आणि बाणाबरोबर गाण्याचा आवाजही तुटत असेल तर माउस बिचारा निर्दोष आहे, आख्खं मशीनच क्षणभर थिजतंय.

या एका मिनिटात जे कळतं ते तासभर सेटिंग चाळून कळत नाही.

हाताने करायच्या गोष्टी, पटापट

माउस उलटा करा आणि सेन्सरच्या खिडकीत केस अडकलाय का बघा. एकच बारीक केस पुरतो, कारण सेन्सर म्हणजे पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढून एकमेकांशी ताडून बघणारा चिमुकला कॅमेरा आहे. त्याच कारणाने काचेवर आणि चकचकीत टेबलावर तो भांबावतो, त्याला दोन फोटोंत फरकच दिसत नाही. खाली साधा कोरा कागद सरकवून बघा. बॅटरी बदला. वायरचा माउस असेल तर हब किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. शक्य असेल तर दुसरा कुठलाही माउस पाच मिनिटं लावून बघा, आणि तुमचा माउस दुसऱ्या संगणकाला. हे सांगायला बालिश वाटतं, पण मी एकदा अर्धा दिवस कर्नलचे पॅरामीटर बदलत बसलो होतो आणि दोष वायरीत होता; जिथे ती माउसच्या तोंडाशी वाकते तिथे आतून तुटत आली होती.

ईव्हीटेस्ट: निम्मा निकाल इथेच लागतो

माझ्या मते या सगळ्या शोधात सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे ईव्हीटेस्ट, माउसकडून कर्नलपर्यंत आलेली प्रत्येक हालचाल छापून दाखवणारा छोटा प्रोग्राम. याच नावाचं पॅकेज उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या बहुतेक वितरणांत मिळतं. टर्मिनलमध्ये 'सुडो ईव्हीटेस्ट' दिलं की जोडलेल्या सगळ्या इनपुट साधनांची यादी येते. त्यातला माउसचा क्रमांक बघून ठेवा, समजा तो ५ आहे. मग बाहेर या आणि आता यादीतून न निवडता थेट '/डेव्ह/इनपुट/इव्हेंट५' हा पत्ता देऊन पुन्हा चालवा, पण शेवटी '>' आणि फाइलचं नाव जोडून आउटपुट फाइलमध्ये वळवा. फाइलमध्ये का? कारण सेकंदाला शेकडो ओळी छापणं हे टर्मिनललाही कामच आहे, आणि ज्याची तपासणी करायची त्याच्यावरच नवा भार टाकण्यात अर्थ नाही.

आता वीस सेकंद माउस न थांबता गोल फिरवा. थांबलात तर ओळीही थांबतात आणि ते भगदाड खोटं असेल. धक्के बसू द्या. मग कंट्रोल-सी दाबून फाइल उघडा. प्रत्येक नोंदीपुढे कर्नलने मारलेला वेळेचा शिक्का असतो, मायक्रोसेकंदापर्यंत. अनावश्यक मजकूर गाळला तर चित्र साधारण असं दिसतं (आधी सेकंद, मग 'एक्स' म्हणजे आडवी हालचाल):

४१२.२०८१ एक्स +३
४१२.२१६० एक्स +४
४१२.२२४१ एक्स +३
४१२.३२०२ एक्स +२९
४१२.३२८२ एक्स +३

हा सेकंदाला १२५ वेळा अहवाल देणारा माउस आहे, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एक ओळ. पहिल्या तीन ओळी शहाण्यासारख्या आल्या. मग एकदम ९६ मिलिसेकंदांची पोकळी. मधले ११ अहवाल आलेच नाहीत, आणि साचलेली हालचाल २९ च्या गठ्ठ्याने आली. पडद्यावर दिसलेली उडी ती हीच. शिक्का कर्नलचा आहे, म्हणजे अहवाल कर्नलपर्यंतच उशिरा पोचला. डेस्कटॉप, ड्रायव्हर, थीम, यांचा इथे काही संबंध नाही. माउस, रेडिओ, वायर किंवा यूएसबी एवढ्यातच शोधायचं.

याच्या उलट, बाण डोळ्यांदेखत अडखळला पण फाइलमधल्या ओळी ठोक्याला ठोका देत आल्या असतील तर माउसने आपलं काम चोख केलंय. दोष पुढच्या बाजूला, कंपोझिटर ते मॉनिटर या पट्ट्यात आहे. तुम्ही खालचे रेडिओ आणि यूएसबीचे भाग सोडून सरळ पडद्याच्या भागाकडे जा.

वायरलेस रिसीव्हर आणि यूएसबी ३ ची जुनी खुन्नस

माझ्या टेबलावरची गोष्ट. दिवसभर माउस मस्त चालायचा आणि संध्याकाळी ठरावीक वेळी वेडा व्हायचा. कर्नल बदलून झाला, डेस्कटॉप बदलून झाला. मग एक दिवस लक्षात आलं की त्या वेळी बॅकअप सुरू होतो. बाहेरची एसएसडी यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमध्ये, आणि तिला खेटून शेजारच्या पोर्टमध्ये माउसचा नखाएवढा रिसीव्हर. बॅकअप चालू असतानाच रिसीव्हर काढून यूएसबीच्या एका लांब एक्स्टेंशन वायरीला लावला आणि ती वायर टेबलावर आणली. ईव्हीटेस्टमधल्या पोकळ्या तिथल्या तिथे बंद झाल्या. रिसीव्हर परत मागे लावला, पोकळ्या परत हजर.

यात जादू नाही. यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा पाठवतं आणि त्याचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत पसरतो. वायरलेस माउसचे रिसीव्हर, ब्लूटूथ आणि वाय-फायचा एक मोठा भाग याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर मोजमापांसह तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. गोंगाट पोर्टमधून, वायरीतून आणि डिस्कच्या डबीतूनही येतो, म्हणून नुसता पोर्ट बदलणं दर वेळी पुरत नाही. अंतर वाढवावं लागतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. रिसीव्हर यूएसबी २ च्या पोर्टमध्ये, चालू डिस्क आणि तिच्या वायरीपासून लांब. तरी फरक नाही तर एक्स्टेंशन वायर लावून रिसीव्हर माउसच्या जवळ, कॅबिनेटच्या पत्र्याच्या आडून बाहेर आणा. संगणक वाय-फायवर असेल तर तो ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडा. सॉफ्टवेअरच्या कुठल्याही उपायाआधी हे करून बघा, असा माझा हट्टच आहे.

ब्लूटूथ माउस असेल तर

वरचं सगळं ब्लूटूथलाही लागू आहेच, शिवाय दोन गोष्टी जास्तीच्या. पहिली, ब्लूटूथ अडॅप्टर स्वतःच झोपायला जातो. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये शेवटी '.कॉन्फ' असलेली एक फाइल करून तिच्यात 'ऑप्शन्स बीटीयूएसबी इनेबल_ऑटोसस्पेंड=०' ही ओळ टाका आणि रीस्टार्ट करा.

दुसरी जरा आतली आहे. कमी विजेवर चालणारे ब्लूटूथ माउस संगणकाशी ठरावीक अंतराने बोलतात आणि काही भेटी बुडवायची त्यांना मुभा असते. हे आकडे '/व्हार/लिब/ब्लूटूथ' मध्ये अडॅप्टरच्या आणि माउसच्या पत्त्याच्या फोल्डरातल्या 'इन्फो' फाइलमध्ये, 'कनेक्शनपॅरामीटर्स' या मथळ्याखाली असतात. तिथला आकडा १.२५ मिलिसेकंदांच्या हिशेबात असतो, म्हणजे 'मिनइंटरव्हल=६' म्हणजे ७.५ मिलिसेकंद. 'लेटन्सी' म्हणजे किती भेटी बुडवल्या तर चालतील तो आकडा. तो मोठा असेल तर ० करून बघा. 'मॅक्सइंटरव्हल' ७ ते ९ पुरे. फाइलला हात लावण्याआधी ब्लूटूथची सेवा 'सिस्टमसीटीएल' ने थांबवा, नाहीतर ती तुमचे बदल पुसून टाकेल. काही माउस जोडल्यावर आपलेच आकडे पुन्हा मागतात. तसं झालं तर हा रस्ता बंद समजा. बॅटरी थोडी लवकर संपेल, ती किंमत आहे.

झोपाळू यूएसबी

थांबून पुन्हा हलवल्यावरच ठेच लागते, असं लक्षण असेल तर इथे या. साध्या माउसला कर्नल आपणहून झोपवत नाही. झोपवतात ती वीज वाचवणारी साधनं, विशेषतः 'पॉवरटॉप' चं 'ऑटो-ट्यून'. लॅपटॉपसाठी लिहिलेला सल्ला वाचून कुणीतरी ते डेस्कटॉपवर लावतो, सुरू होतानाच चालेल अशी सोयही करतो, आणि मग विसरतो. तो कुणीतरी बहुधा आपणच असतो.

आधी माउस कुठल्या फोल्डरात बसलाय ते शोधा: 'ग्रेप . /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस/*/प्रॉडक्ट'. नावांसह यादी येईल. समजा तुमचा माउस '१-३' वर आहे. मग त्याच '१-३' फोल्डरातली 'पॉवर/कंट्रोल' ही फाइल 'कॅट' ने वाचा. 'ऑन' आलं तर माउस जागा आहे, हा भाग सोडा. 'ऑटो' आलं तर चोर सापडला. 'एको ऑन' चा निकाल 'सुडो टी' मार्फत त्याच फाइलमध्ये लिहा. परिणाम तत्काळ दिसतो आणि माउस काढून लावला की बदल पुसला जातो, म्हणून प्रयोगाला हे उत्तम.

गुण आला तर आधी झोपवणाऱ्या साधनाची सेवा बंद करा. ते ठेवायचंच असेल तर माउसचा निर्माता आणि उत्पादन क्रमांक, जे 'एलएसयूएसबी' दाखवतं, ते देऊन यूडेव्हचा, म्हणजे साधन जोडताच लागू होणारा, नियम लिहावा लागेल. सगळ्यात सोपं म्हणजे कर्नलला 'यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-१' हा पॅरामीटर देणं. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मधल्या लिनक्सच्या ओळीत तो घालायचा आणि उबुंटू किंवा डेबियनवर 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं. सगळ्याच यूएसबी साधनांची झोप उडते, पण भिंतीतून वीज घेणाऱ्या डेस्कटॉपला त्याचं काय मोठं?

याच वेळी दुसऱ्या खिडकीत कर्नलच्या नोंदी येतील तशा दाखवणारं 'जर्नलसीटीएल -के -एफ' चालू ठेवा. धक्क्याच्या क्षणी 'यूएसबी डिसकनेक्ट' किंवा 'रीसेट' असल्या ओळी उगवत असतील तर ती झोप नव्हे, जोडणीच तुटतेय. वायर, हब, पोर्ट.

माउस निर्दोष आहे, आता पडद्याकडे

पहिला प्रश्न रिफ्रेश रेटचा, कारण यात फसलेले लोक मी सगळ्यात जास्त पाहिलेत. ४के मॉनिटर एचडीएमआय १.४ च्या पोर्टला जोडला तर सेकंदाला फक्त ३० चित्रं मिळतात. ३८४० पिक्सेलचा पडदा तुम्ही अर्ध्या सेकंदात पार केलात तर बाण वाटेत जेमतेम १५ ठिकाणी दिसतो, दर वेळी २५६ पिक्सेलची उडी. कितीही भारी माउस आणा, तो लंगडणारच. डिस्प्ले सेटिंगमध्ये रेट बघा. एक्स११ वर (पडद्यावर चित्र उमटवणारी जुनी व्यवस्था; नवी ती वेलँड) 'एक्सरँडआर' दिलं तर चालू रेटपुढे चांदणी असते. ३० दिसलं तर डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय २.० ची वाट धरा. मॉनिटरला ॲडॅप्टिव्ह सिंक (चित्रांच्या गतीनुसार रिफ्रेश रेट बदलण्याची सोय) असेल तर तेही एकदा बंद करून बघा. प्लाझ्मा डेस्कटॉपवर डिस्प्ले सेटिंगमध्येच 'कधीही नाही' हा पर्याय आहे.

दुसरी, ती १० सेकंदांची ठेच. ज्या डिस्प्ले पोर्टवर मॉनिटर जोडल्याची वर्दी आपोआप मिळत नाही, तिथे कर्नल दर १० सेकंदांनी डोकावून येतो, आणि काही ग्राफिक्स कार्डांवर हे डोकावणं इतकं जड पडतं की बाण थबकतो. '/सिस/मॉड्यूल/डीआरएम_केएमएस_हेल्पर/पॅरामीटर्स/पोल' या फाइलमध्ये 'सुडो टी' ने मोठ्या लिपीतलं 'एन' हे अक्षर लिहा आणि अर्धं मिनिट बघा. ठेच गेली तर 'डीआरएम_केएमएस_हेल्पर.पोल=०' हे कर्नलच्या ओळीत कायमचं टाका. अशा पोर्टवर नवा मॉनिटर लावला तर तो आपोआप ओळखला जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिसरा संशयित कंपोझिटर. 'जर्नलसीटीएल -बी' च्या मजकुरात 'लॅगिंग बिहाइंड' हे शब्द ग्रेपने शोधा. लिबइनपुट, म्हणजे माउसच्या नोंदी कर्नलकडून घेऊन डेस्कटॉपला देणारा भाग, तिथे तक्रार नोंदवून ठेवतं: इव्हेंट अमुक मिलिसेकंद मागे पडले, तुमची सिस्टम फार मंद आहे. त्या ओळीत 'क्लायंट बग' असंही लिहिलेलं असतं आणि लोक ते माउसचा दोष समजतात. इथे क्लायंट म्हणजे कंपोझिटर. लिबइनपुटकडे माल तयार होता, न्यायला कुणी वेळेवर आलं नाही. ग्नोम डेस्कटॉपवर सगळे एक्स्टेंशन शेलच्याच, म्हणजे डेस्कटॉपच्या मुख्य प्रोग्रामच्याच, प्रक्रियेत चालतात, त्यामुळे एखादं तापमान दाखवणारं किंवा नेटचा वेग मोजणारं एक्स्टेंशनही सगळ्यांना ताटकळत ठेवू शकतं. सगळी एकदम बंद करा, मग निम्मी निम्मी चालू करून दोषी शोधा. लॉगिन करताना दोन्ही सत्रं मिळत असतील तर सत्र बदलून, म्हणजे वेलँडवर असाल तर एक्स११ किंवा उलट, असंही बघा. एकात धक्के आणि दुसऱ्यात नाहीत ही बरीच मोठी माहिती आहे.

मशीनच गुदमरत असेल

'व्हीएमस्टॅट १' चालवा आणि 'एसआय', 'एसओ' हे दोन रकाने बघा. पहिली ओळ सोडून द्या, ती संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. त्यानंतर तिथे सतत मोठे आकडे येत असतील तर मेमरी संपून स्वॅपची, म्हणजे मेमरीतला माल डिस्कवर नेण्या-आणण्याची, ओढाताण चालू आहे. तेव्हा बाण थांबणं हा माउसचा प्रश्नच उरत नाही; टॅब कमी करा किंवा रॅम वाढवा.

आवाजासकट सगळं थिजत असेल आणि प्रोसेसर एएमडीचा रायझेन असेल तर एक खास कारण आहे. एएमडीचं फर्मवेअरमधलं टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) काही मदरबोर्डांवर यादृच्छिक आकडे देताना क्षणभर सगळ्या मशीनला थांबवत असे. एएमडीने २०२२ मध्ये ही अडचण मान्य केली. लिनक्सचा कर्नल ६.१ पासून ते आकडे जास्त मागू लागला आणि त्रास वाढला. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.५ मध्ये ही वापराची वाटच बंद केली गेली. 'यूनेम -आर' ने आपला कर्नल बघा, जुना असेल तर अपडेट करा, बायोसही नवा घाला. बायोसमध्ये जाऊन टीपीएमच बंद करायचा मोह होईल. डिस्कच्या एन्क्रिप्शनची किल्ली त्यात ठेवली असेल तर ते भलतंच महागात पडेल.

धक्का नसलेला धक्का

काही वेळा मोजमाप सगळं स्वच्छ येतं तरी बाण 'विचित्र' वाटतो. हळू हलवला तर सरपटतो, जोरात हलवला तर भलतीकडे. हा धक्का नाही, ही गतिवृद्धी आहे. लिबइनपुटचा 'ॲडॅप्टिव्ह' प्रकार हाताच्या वेगानुसार बाणाचा वेग बदलतो. 'फ्लॅट' निवडलं की हात आणि बाण यांचं प्रमाण कायम राहतं. माउसच्या सेटिंगमध्ये हे बटण मिळेल. माउसचा डीपीआय, म्हणजे इंचभर हालचालीत तो किती पावलं मोजतो तो आकडा, ४०० सारखा कमी ठेवून सेटिंगमधला वेग शेवटापर्यंत ओढला असेल तर बाण मधले पिक्सेल गाळतच जाणार. चाकाजवळच्या बटणाने डीपीआय वाढवा आणि वेग खाली आणा.

पोलिंग रेट, म्हणजे माउस सेकंदाला किती अहवाल देतो तो आकडा, वाढवायचा सल्ला मात्र मी सहसा देत नाही. १२५ वरून १००० वर गेल्याने हालचाल थोडी तलम होते, पण पोकळ्या भरत नाहीत. उलट ८००० अहवाल पाठवणारा माउस जुन्या प्रोसेसरला लावला तर तिथेच नवे धक्के सुरू होऊ शकतात. त्याचा रेट १००० वर उतरवून बघा.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर बग नोंदवा. 'सुडो लिबइनपुट रेकॉर्ड' माउसची सगळी नोंद एका मजकूर फाइलमध्ये काढून देतं. उबुंटू आणि डेबियनवर ते 'लिबइनपुट-टूल्स' पॅकेजमध्ये आहे. ती फाइल, कर्नलची आवृत्ती, वेलँड की एक्स११, आणि धक्का कधी बसतो याबद्दल तुम्ही त्या पहिल्या मिनिटात जे टिपलंत ते, असं सगळं जोडून पाठवा.